धाकटीचा फोटो

"काका, महिन्याला साधारण किती पानं काढाल?"

प्रिंटरच्या दुकानातल्या तेजस्वीने विचारलं आणि बाबा पंख्याकडे बघत बसले. गोखिवऱ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. साधा बोल्टसुद्धा कधी अंदाजाने दिला नाही. पण इथे खरं कारण सांगायचं नव्हतं.

"लाइटबिल, बँकेचे कागद," ते म्हणाले. "अधूनमधून एखादा फोटो."

एखादा फोटो म्हणजे माझा, बायोडेटावरचा. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने चारचौघांत "काका, यंदाही फक्त वय बदलायचंय ना?" असं विचारलं, तेव्हापासून बाबांना घरीच प्रिंटर हवा होता. मी सदतीस वर्षांची. मला लग्न नको आहे हे दोन वर्षांपासून स्वच्छ कळलं होतं. पण सांगायला तोंड उघडलं की बाबा इतक्या आशेने बघत, की मी "चहा टाकू का?" एवढंच विचारत असे. आता यंत्र घरातच येणार म्हटल्यावर तर बायोडेटांना खंडच पडणार नव्हता.

"हा लेझर. कागदांना बेस्ट, पण फक्त ब्लॅक," तेजस्वी सांगत होती. "हा छोटा स्वस्त पडेल, पण शाईचं कार्ट्रिज इतक्या लवकर संपतं की रडायला येतं. आणि हा इंक टँक, बाटलीने शाई भरायची. फोटो मस्त येतात. फक्त आठवड्याला एक तरी कलर पान काढा, नाहीतर शाई आत सुकते."

"आठवड्याला एक," बाबा समाधानाने म्हणाले. आठवड्याला एक स्थळ! मला हसावं की रडावं कळेना.

"मोबाइलमधला एखादा फोटो द्या ना काका, काढून दाखवते."

यंत्र कुरकुरलं आणि कागद बोट-बोट बाहेर सरकू लागला. आधी वटारच्या वाडीतली केळीची पानं, मग गजरा, मग कपाळ, मग हसरे डोळे. मैत्रिणीच्या लग्नातली, अंजिरी साडीतली, दहा वर्षांपूर्वीची मी. दुपारची झोप झाल्यावर कुणी ओसरीवर यावं तशी ती सावकाश आली. दुकानातले आवाज मला ऐकू येईनासे झाले.

तेजस्वीने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ताई, ही तुमची धाकटी बहीण ना? किती सेम!"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा फोटोकडे बघत होते.

"हो," ते म्हणाले. "धाकटी."

रिक्षात खोकं पायांशी होतं आणि फोटो बाबांच्या मांडीवर. मी त्या धाकटीचाच विचार करत होते. तिला मांडव आवडत असणार, मेंदी आवडत असणार. कळंबच्या किनाऱ्यावर ती नवऱ्याशी भांडत, हसत फिरत असेल. मला तिचा हेवा वाटला नाही, ती आवडलीच. बाबांचे डोळे अर्धे मिटले होते. तेही बहुतेक तिच्याच लग्नात पाहुण्यांची विचारपूस करत फिरत होते.

"बाबा," मी म्हणाले, "धाकटीचं लावून टाका लग्न. तिला हौस आहे."

त्यांनी डोळे उघडले.

"मोठी मात्र नको म्हणते. खरंच नको म्हणते, बाबा."

बाबा माझ्याकडे वळले.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"मग बोलायचं नाही होय गं?" ते म्हणाले. मी त्यांचा हात धरला. मला फार वाईट वाटत होतं आणि फार हलकंही.

घरी आईने नव्या प्रिंटरला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. बाबांनी फोटो टेबलावर ठेवला, ताटलीतल्या चिमूटभर अक्षता उचलल्या आणि धाकटीवर टाकल्या.

"अहो, फोटोला कसल्या अक्षता?" आई म्हणाली.

बाबांच्या चिमटीत दोन-चार दाणे उरले होते. ते त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवले आणि हात तिथेच राहू दिला.