बिशपचे वाकडे नाणे

मित्रांनो, मी एक जुने, वाकडे चांदीचे नाणे होते. त्या वाकडेपणाची मला कधी लाज वाटली नाही.

दूरच्या एका थंड देशात बिशप, म्हणजे चर्चचा मोठा धर्मगुरू, राज्यही करत असे. त्याच्या टांकसाळीत माझा जन्म झाला. माझ्यावर त्याचा चेहरा उमटवला होता. नाक जरा मोठेच आले, पण त्याला सांगणार कोण? बाजारात मला मान होता.

पुढे मी एका बाईकडे आले. तिची मुलगी तापाने फणफणली होती. तिथली रीत अशी, की नवस बोलताना आजारी माणसाच्या डोक्यावर नाणे धरून वाकवायचे. वाकवलेले नाणे देवाचे, ते खर्चायचे नाही. आईने मला वाकवले, पण मुलगी वाचली नाही. मला तिच्या मुठीत ठेवूनच तिला पुरले. मूठ मातीला मिळाली, तरी माझ्या घडीत तिचे बोट मला जाणवत राहिले. ती त्या घडीतच निजली होती.

शेकडो वर्षांनी कुणीतरी मला उकरून काढले. विकले जात जात मी शारजात, रोल्ला भागातल्या मोहिद्दीनच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचले. अबुधाबीच्या सुरेशने मला हौसेने घरी नेले.

गेल्या महिन्यात त्याच्या लेकीला, अवनीला ताप आला. औषधे चालू होती, तरी ताप हटेना. तेव्हा तिची आई साधना देवीला नवस बोलायला बसली आणि तिने मला उचलले.

"अगं, अँटिक पीस आहे तो, राहू दे तसाच," सुरेश म्हणाला.

"देवीपुढे वाकडं नाणं ठेवायचं? चालत नाही असलं."

तिने मला फडक्यात गुंडाळून पोळपाटावर ठेवले आणि लाटण्याने दाबून सरळ केले. किती जपून केले तिने! मी ओरडत होते, पण ते तिला कसे ऐकू जाणार?

अवनीचा ताप उतरला. मलाही आनंद झाला, खोटे कशाला सांगू? पण माझ्या अंगावरचे ते बोट नाहीसे झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेज खाता खाता अवनी थांबली.

"मम्मा, देअर इज अ गर्ल. शी इज आस्किंग व्हेअर टू स्लीप."

"कुठे आहे, बाळा?"

"बिहाइंड यू."

साधनाने मागे वळून पाहिले नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू सरळ करण्याआधी ती कोणी आणि कशासाठी वाकवली, ते विचारत जा. आणि कधी त्या घरी गेलात, तर मला पुन्हा वाकवा. त्या पोरीला तेवढीच जागा होती.