सरळ साडेआठशे

कचेरीतून आलेल्या हेमंतनं खिशातून मोबाईल काढला, हात उंच करून आभाळाला दाखवला आणि तसाच अंगणाच्या मधोमध उभा राहिला. नवशी डोकरी पडवीतून बघत होती. आधी तिला वाटलं, कावळा हाकलतोय. मग वाटलं, अंगात येतंय की काय.

"वर काय दाखवतोस रे?"

"उपग्रह शोधतोय, आजी."

"गावला की सांग. तवर मी चहा ठेवते."

नवशीनं जन्मात कुणाला अहो-जाहो केलं नव्हतं. तलाठी असो की डॉक्टर, तिच्या अंगणात आला की तो अरे-तुरेच. शाळा तिची दुसरीतच सुटली, तोंड मात्र कधी सुटीवर गेलं नाही. हेदपाड्यात घरं तेरा, आणि तेराही घरांत काय शिजलं नि काय करपलं ते तिला पडवीत बसून कळायचं.

आज मात्र तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पाड्यावर अंगणवाडी द्यायची की नाही, ते हा हेमंत ठरवून जाणार होता. पाड्यातली अठरा पोरं खाली पोशेऱ्याच्या अंगणवाडीत जायची; म्हणजे उन्हाळ्यात जायची. पाऊस लागला की चार महिने घरात. ना तिथला खाऊ, ना वजन. गेल्या पावसाळ्यानंतर नवशीच्या नातीला, ममताला, काट्यावर ठेवलं तेव्हा तिथल्या पुष्पलताताईनं काटा बिघडलाय का ते दोनदा बघितलं होतं. काटा बिघडला नव्हता.

तेव्हापासून नवशीनं कचेरीची पाठ सोडली नव्हती. माझी पडवी घ्या, म्हणाली. नुसती म्हणाली नाही. बकऱ्या मागं मांडवात हाकलल्या, पडवी शेणानं सारवली, कुडाला चुन्याचे हात मारले आणि सगळ्या पाड्याला सांगून मोकळी झाली. शेजारचा पोश्या तेव्हापासून येता-जाता विचारायचा, "नवशे, बकऱ्या कधी परत आणतेस?"

आत्ताही तो त्याच्या ओट्यावर बसून दात कोरत बघतच होता.

"इथं रेंज नाय हां सायेब," पोश्या ओरडला. "फोन नाय लागायचा."

"रेंज लागत नाही याला," हेमंत जरा ऐटीत म्हणाला. "नकाशा आतच आहे. जव्हारच्या इदरीसभाईंनी कार्डात भरून दिलाय. अख्खा ठाणे जिल्हा."

"अख्खा जिल्हा? एवढ्याशा कार्डात?" नवशी चहा घेऊन बाहेर आली. "म्हणून पाडे बाहेर राहिले."

हेमंतनं तिला मोबाईल दाखवला. काल त्यानं पोशेऱ्याच्या अंगणवाडीच्या दारात उभं राहून खूण केली होती. तिथं लाल झेंडा रोवलेला. आणि इकडं निळा ठिपका लुकलुकत होता.

"हा ठिपका म्हणजे आपण."

"अन् मधलं हे पांढरं?"

"तिथं काही नाही."

"काहीच नाय?" नवशीनं डोळे बारीक केले. "तुझा ठिपका पण पांढऱ्यातच हाय की रे."

हेमंतनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अंगणातल्या खाटेवर बसून चहाचा घोट घेतला, कागद मांडीवर धरला आणि लिहिलं. "साडेआठशे मीटर. सरळ."

"मग?"

"मग काय आजी. नियम आहे. जवळची अंगणवाडी दोन किलोमीटरच्या पलीकडे असेल तरच नवी मिळते. तुमची तर एकाच्याही आत आहे."

पोश्या ओट्यावरून म्हणाला, "बोलावू का गं बकऱ्यांना?"

नवशीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती त्या एका शब्दापाशी थांबली होती. सरळ. पाड्यात कुणी वाट विचारली की सगळे हेच सांगायचे: सरळ जा. सरळ म्हणजे पायवाट सोडू नको. वाट चार वळणं घेईल, ओहोळात उतरेल, पुन्हा चढेल. तू तिच्या मागं जा, ते सरळ. मोबाईलचं सरळ काही वेगळंच दिसत होतं.

"साडेआठशे म्हणजे किती येळ लागंल?"

"पंधरा मिनिटं."

"बरं. तुला पोशेऱ्याला काम हाय का?"

"आहे ना. पुष्पलताताईंची सही लागते कागदावर. आजच द्यायचाय, आज शेवटची तारीख."

"ताई एकला दार लावते. फटफटीवरनं गेलास तर रस्त्यानं चौदा किलोमीटर. चौदा तिकडं, चौदा इकडं, पेट्रोल तुझं." नवशीचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ झाला की पाड्यातली माणसं सावध व्हायची. हेमंत पाड्यातला नव्हता. "तुझा मोबाईल सरळ दाखवतो ना? चल की सरळ. मी येते संगती. फटफटी राहू दे इथं."

हेमंतनं घड्याळ बघितलं. साडेनऊ. पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला. त्याला पटलं.

नवशीनं सुनेला हाक मारली. "सोमे, पोरीला घे अन् तू आपल्या वाटेनं जा. आमी सरळ येतो."

सोमीनं सासूच्या तोंडाकडं बघितलं, पदरात हसली आणि ममताला कडेवर घेऊन निघाली.

मोबाईलचा बाण पोश्याच्या परसातून गेला, तोवर ठीक होतं. तिथून करवंदीच्या जाळीत शिरला. पाच पावलांवर डावीकडं मळलेली वाट होती.

"ही वाट कुठं जाते?" हेमंतनं विचारलं.

"ती वाकडी हाय. आपल्याला सरळ जायचंय."

जाळीतून बाहेर आला तेव्हा हेमंतच्या बाहीचे दोन काप झाले होते. नवशी मागून अनवाणी, लुगडं वर खोचून, कुठं वाकायचं नि कुठं सरकायचं ते बघत आरामात येत होती. पुढं झाडावर वेल चढला होता; तपकिरी मखमलीसारख्या शेंगा लोंबत होत्या. हेमंतनं हातानं बाजूला सारल्या.

"ती खाजकोयली," नवशी म्हणाली. "हात नको लावूस."

सांगितलं तिनं, पण हात लागून गेल्यावर सांगितलं.

मग काय विचारता! हेमंत एका हातानं मान खाजवतोय, दुसऱ्या हातानं तो हात खाजवतोय, मोबाईल काखेत. बूट काढून पाय खाजवायला बसला तर बुडाखाली मुंगळे.

"खाजवू नको, वाढंल. शेणानं उतरते." नवशीनं इकडं तिकडं बघितलं. तिचं नशीब बघा, सकाळचं ताजं शेण जवळच पडलेलं. तिनं स्वतःच्या हातानं, अगदी नातवाला लावावं तसं, साहेबाच्या मानेला, हाताला, कानामागं शेण चोपडलं. "बस. आता वाळू दे. मोबाईल काय बोलतोय?"

"चारशे दहा."

"झालं की. निम्म्यावर आलो."

अजून शंभर मीटर गेले आणि जमीनच संपली. कडा होता. खाली ओहोळ, ओहोळापलीकडं पोशेऱ्याची कौलं, आणि त्यातलं एक कौलारू म्हणजे अंगणवाडी. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. खालच्या पायवाटेवर सोमीची हिरवी साडी केव्हाच ओहोळ ओलांडत होती. कडेवरच्या ममतानं वर बघून हात हलवला.

"तीनशे दहा मीटर," नवशीनं स्वतःच मोबाईलमध्ये डोकावून बघितलं. आकडे तिला येत होते. "जा ना सरळ."

"कुठून जाऊ? मी काय पक्षी आहे?"

"मंग कचेरीला सांग, पक्ष्यांची अंगणवाडी काढा."

हेमंत दगडावर बसला. मानेवरचं शेण वाळून तडकलं होतं. मग त्याच्या तोंडातून हसू फुटलं. मोठं नाही, पण फुटलं.

"आजी, हा मोबाईल वाट पण मोजतो. चालू करून चाललो की मागं रेघ ओढत येतो."

"मंग आधी का नाय चालवलास? त्याची काय चूक? तू खाटेवर बसून इचारलंस, त्यानं खाटेवरनं सांगितलं." नवशी उठली. "चल माघारी. मापायचं तर माझ्या उंबऱ्यापास्नं."

परत आले, तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. साहेबाचा अवतार बघून पोश्याच्या हातातली काडी पडली. नवशीच्या उंबऱ्यावर हेमंतनं मोबाईल शून्यावर आणला आणि दोघं मळलेल्या वाटेनं निघाले. वाट सुखाची होती. वळणावळणानं, बोरीखालून, उतरत उतरत. नवशी दर वळणाला विचारायची, "किती?"

"शून्य पॉइंट सहा."

"हां. वाढंल."

ओहोळाच्या काठाला पोचले. "एक पॉइंट तीन," हेमंत म्हणाला. समोर कोरड्या गोट्यांचा पट्टा, आणि तो ओलांडून वर चढलं की अंगणवाडी. चारशे मीटर, फार तर पाचशे.

नवशीनं बोटांवर मोजलं. तीन अन् पाच मिळवायला दुसरी पुरे. एक पॉइंट आठ. दोन नाहीत. आणि सगळ्या जगाला ती सांगत आली होती, तीन किलोमीटर आहे म्हणून. खोटं नव्हती सांगत. तीन होतेच. पण ते या माघ महिन्यात नव्हते.

हेमंतनं पहिल्या गोट्यावर पाय टाकला. नवशीनं मागून त्याची कॉलर धरली आणि खसकन मागं ओढला.

"अहो आजी! काय झालं?"

"पाणी."

"कुठाय पाणी?"

"गळ्याला लागलं तुझ्या. बुडलास तू." तिनं ओरडून सांगितलं, जणू खरंच पूर आला होता. "दिसत नाय? आषाढ हाय. गढूळ पाणी, लाकडं वाहतायत. अन् तू कडेवर चार वर्षाची पोर घेऊन उतरतोस? तुझ्या आयशीनं हेच शिकवलं?"

"आजी, कोरडं आहे."

"आज कोरडं. पोरां काय फकस्त माघातच वाढतात?"

हेमंत गोट्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "माझी आजी दाभोशाची. पावसात तिच्याकडे जायचा मी हट्ट धरला की आई म्हणायची, नदी झोपली की जाऊ."

"मंग? झोपलीय का ही?"

"नाही." त्यानं गंभीर चेहऱ्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "चांगलीच जागी आहे. वरनं कुठून जायचं?"

"साकवावरनं."

साकव म्हणजे वरच्या अंगाला दोन खडकांवर टाकलेली लाकडं. कोरड्या ओहोळाच्या काठाकाठानं दोघं वर गेले. मधेच हेमंत स्वतःच थांबला, "इथं चिखल असणार," म्हणाला आणि वळसा घालून गेला. नवशीला आता तो आवडायला लागला. साकवावर त्यानं डगमगल्याचं सोंग केलं, तर तिनं खरोखरच त्याचा दंड धरला.

अंगणवाडीत पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पुष्पलताताई कुलूप हातात घेऊन उभी, आणि सोमी बरोबर उंबऱ्यात मांडी घालून बसलेली.

"बघा ना साहेब," ताई वैतागून म्हणाली, "दहा मिनिटं झाली, उठतच नाही ही. पोटात कळ आली म्हणते."

"आता बरं वाटतंय," सोमी म्हणाली आणि उठली.

नवशीनं सुनेचं तोंडावर कौतुक कधी केलं नव्हतं. आजही केलं नाही. नुसतं पोरीला तिच्याकडून आपल्या कडेवर घेतलं.

"तीन पॉइंट एक," हेमंतनं वाचलं. कागदावरचे साडेआठशे खोडले, वर लिहिलं: 'तीन पूर्णांक एक किलोमीटर, पावसाळी वाटेनं, प्रत्यक्ष चालून.' ताईनं सही केली. सही करताना नाकाला पदर लावला. "साहेब, वास कसला येतोय?"

"आषाढाचा," हेमंत म्हणाला.

फटफटी वर पाड्यात राहिली होती. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "कुठून जायचं, आजी?"

"सरळ."

तो जागेवरून हलला नाही. नवशी हसली आणि मळलेल्या वाटेनं पुढं झाली.

वर पोचल्यावर त्यानं फटफटी लगेच चालू केली नाही. पडवीत गेला, सारवलेल्या जमिनीच्या मधोमध उभा राहिला आणि मोबाईल उघडला. त्या पांढऱ्यावर एक लाल झेंडा उमटला.

"नाव काय देऊ याला?"

"मिळाली का मंग?"

"मी लिहून देतोय. मंजूर वरचे साहेब करतील."

"मंग तो करंल. तू नाव लिही. अंगणवाडी, हेदपाडा." नवशीनं पोश्याच्या ओट्याकडं बघितलं आणि आवाज चढवला. "अन् खाली लिही, बकऱ्यांना अन् पोश्याला आत यायला बंदी."