हळदीच्या ढोलाचे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे, मित्रांनो. घराचे नाही आणि दुकानाचेही नाही. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे हळद पॉलिश करण्याची एक गिरणी आहे. तिथल्या विजेच्या मोठ्या खटक्याला मी असतो. तिजोरीच्या कुलपाचा रुबाब मला नाही. माझ्यामागे सोने नसते, माणूस असतो. ते कसे, ते सांगतो.

माझा जन्म अलिगडचा. एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानस मारली, पोटात स्प्रिंग बसवली आणि माझ्या दोन किल्ल्या केल्या. दोन्ही फिरवून पाहिल्या आणि मान हलवली. मग पेटीत बसून मी फार लांब आलो आणि सांगलीच्या एका दुकानात टांगून राहिलो. १९७१ साली बाळासो नावाच्या माणसाने मला विकत घेतले.

बाळासो त्या गिरणीचे मॅनेजर. पुण्याच्या कारखान्यात काही वर्षे काढून ते गावाकडे परत आले होते. गिरणीत लोखंडी पत्र्याचे तीन मोठे ढोल होते. ढोलात हळद भरायची, दार लावायचे, खटका ओढला की तिन्ही ढोल फिरू लागत. हळकुंडे एकमेकांवर घासत आणि पिवळीधमक होऊन बाहेर पडत. मग आत अडकलेली साल खरवडायला बायका वाकून ढोलात शिरत.

आत जाणारी बाई ओरडायची, "बंद ठेवा गं!" बाहेरून कुणीतरी "हां" म्हणायचे. एवढीच काय ती व्यवस्था. एकदा "हां" म्हणणारी चहाला गेली. दुसऱ्याने खटका ओढला. आत चंद्राबाई होती. ढोल अर्धाच फिरला, पण तिचा उजवा हात कायमचा गेला.

त्यानंतर मी आलो. बाळासोंनी सगळ्यांना गोळा केले. मालक लालासाहेबही येऊन उभे राहिले.

"यंत्र बंद करायला कुणाला इचारायचं न्हाई," बाळासो म्हणाले. "झाडणाऱ्या बाईनं बंद केलं तरी ते बंद. पर चालू करायचं, तर हे कुलूप निघाय पायजे. आन् किल्ली ऱ्हाणार आत जाणाराच्या कमरंला."

ढोल साफ करणाऱ्या बायकांची पुढारी रंगूबाई होती. तिने विचारले, "आन् मालक आलं तर?"

लालासाहेब हसले. "मालक बी थांबंल, रंगूबाई."

"बगा हं. समद्यांदेखत बोललाय."

मग बाळासोंनी माझी दुसरी किल्ली शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून धरली आणि हातोड्याने तोडली. मला वाईट वाटले. पण त्यांचे बरोबर होते. दोन किल्ल्या म्हणजे दोन मालक, आणि दोन मालक असले की आतल्या माणसाचा धनी कुणीच राहत नाही.

उरलेली किल्ली रंगूबाईकडे गेली. आता आत जायचे काम तिचेच झाले. ती मला खटक्याच्या कडीत अडकवायची, एकदा ओढून बघायची आणि कमरेच्या चंचीतली किल्ली चाचपत ढोलात शिरायची. बाहेर यायची ती नखशिखांत पिवळी होऊन. किल्ली घालताना मला तळहाताने थोडे वर उचलून धरायची, कारण माझी कडी जरा घट्ट होती. हे तिला कुणी सांगितले नव्हते. मी रोज तिची वाट पाहायचो आणि ती रोज यायची. तेव्हा वाट पाहणे फार सोपे होते.

तिचा नवरा हरिबा गिरणीतच फिटर होता. कमी बोलणारा माणूस. ती त्याच्या वाट्याचेही बोलून घ्यायची.

दोन वर्षांनंतरच्या दसऱ्याची गोष्ट. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तेव्हा यंत्रे बंद असतात. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मुहूर्तावर मानाच्या माणसाच्या हातून ती चालू करतात. त्या वर्षी मान लालासाहेबांचे मामा हंबीरराव यांचा होता. पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, साताऱ्याकडचे. ढोलांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, केळीचे खुंट बांधले होते. हलगी वाजत होती. बाळासो पाहुण्यांना घ्यायला फाटकाशी गेले होते.

आणि खटक्यावर मी होतो.

"सणाच्या दिवशी मशिनीला कुलूप?" लालासाहेब चिडले. "अपशकुन हाय ह्यो. कालचंच ऱ्हायलं असंल. हरिबा, रंगूबाई कुठंय?"

"देवळात गेली असंल, मालक. आपट्याची पानं घेऊन."

"मुहूर्त चाललाय. फोड ते."

हरिबाने इकडेतिकडे पाहिले. त्याला काम सांगणारे बाळासो. पण बाळासोंना पगार देणारे लालासाहेब. अशा वेळी गरीब माणूस मोठ्या आवाजाचे ऐकतो. त्याने हातोडा उचलला आणि मला पहिला घाव घातला.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. रंगूबाई देवळात गेली नव्हती. तिसऱ्या ढोलात कोपऱ्याला साल राहिली होती, ती देवापुढे बरी दिसणार नाही म्हणून ती पहाटेच आत शिरली होती. जाताना मला लावले होते. मागाहून सजावट करणाऱ्यांनी त्या ढोलाच्या दारावर केळीचा खुंट आवळून बांधला. ती आतून पत्रा बडवत होती, पण हलगीपुढे काही ऐकू येत नव्हते.

दुसरा घाव बसला. माझी कडी वाकली.

"थांब रं!" बाळासो फाटकाकडून पळत आले आणि खटक्याला पाठ लावून उभे राहिले. "मालक, किल्लीवाली समोर आल्याबिगर कुलूप निघायचं न्हाई."

"बाळासो, गिरणी कुणाची हाय?"

"तुमची. म्हणून तर तुमीच शब्द दिलाय."

"पावण्यांदेखत मला शिकवता व्हय? बाजूला व्हा. हरिबा, हाण!"

हरिबाचा हात वरच राहिला. तेव्हा हंबीरराव पुढे झाले. "लाला, पलटणीत पहाऱ्यावरचा शिपाई कर्नलला बी अडवायचा. आन् कर्नल थांबायचा. न्हाई थांबला, तर त्यो कर्नल कसला? आदी ती हलगी बंद करा."

हलगी थांबली. तिसऱ्या ढोलातून पत्र्याचा आवाज आला, आणि मागोमाग रंगूबाईचा.

"आवं, कुणी दार बांदलंय? दसरा काय आतच करू मी?"

खुंट तोडून तिला बाहेर काढले. पिवळी रंगूबाई, त्यावर घामाचे ओघळ. तिने माझ्याकडे पाहिले, मग हरिबाच्या हातातल्या हातोड्याकडे. तिला सगळे समजले. हरिबा तिथेच खाली बसला. ती म्हणाली, "दोन घावांत कुलूप फुटलं न्हाई? कसलं फिटर तुमी!"

आधी हंबीरराव हसले आणि मग सगळे. लालासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी बाळासोंचा हात धरला. "आजपास्नं माझा हुकूम तुमच्याकडं यील. कामगाराला मी परस्पर सांगायचो न्हाई." त्यांनी तो शब्द पाळला. हरिबाने त्या रात्री मला घरी नेऊन माझी कडी सरळ केली आणि सकाळी पुन्हा जागेवर लावले.

पुढची तीन वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे. मग एका उन्हाळ्यात रंगूबाईला ताप आला. तिला मिरजेच्या दवाखान्यात नेले, एवढे मी ऐकले. मी वाट पाहत राहिलो. एक दिवस हरिबा एकटाच आला. माझी किल्ली त्याच्या करदोट्याला बांधलेली होती.

तो ती कुणाला देईना. सगळे गेल्यावर तो माझ्यापाशी यायचा, किल्ली घालून एकदा फिरवायचा, परत काढून घ्यायचा. तिच्यासारखाच मला वर उचलून धरायचा. कधी पाहून ठेवले होते कोण जाणे. त्याला काय हवे होते ते मला कळत होते, कारण मलाही तेच हवे होते.

पण किल्लीवाचून मी खटक्यावर उघडाच लोंबकळत होतो. बाळासोंना किल्ली मागवेना. दुसरे कुलूप आणायचे म्हटले, तर हरिबासमोर मला काढायचे कसे? आज नको, उद्या बघू, असे होत राहिले. मॅनेजरच गप्प, म्हणून बाकीचेही गप्प. आणि ढोलात जाणाऱ्या बायका पुन्हा "बंद ठेवा गं" म्हणून ओरडू लागल्या.

रंगूबाईच्या जागी पारूबाई आली होती. कवठे महांकाळकडची, नवीन लग्न झालेली. एक दिवस ती ओरडून आत गेली. बाहेरच्या बाईला वजनकाट्यावरून हाक आली म्हणून ती गेली. तेवढ्यात हमाल गुंडा आला. खटका बंद दिसला म्हणून त्याने हात घातला.

हरिबा जवळच पट्टा जोडत होता. त्याने झेप घेऊन गुंडाचे मनगट पकडले.

"आत पारू हाय!"

गुंडाने खटका सोडला. "मला कसं कळावं, हरिबा? कुलूप उगडंच की."

हरिबाने माझ्याकडे पाहिले. मग त्याने पारूबाईला हाक मारून बाहेर बोलावले आणि करदोट्याची गाठ सोडू लागला. गाठ सुटेना. शेवटी त्याने सुतळी कापायची सुरी घेतली आणि करदोटाच कापला.

"ही घे. कुलूप लावल्याबिगर आत पाऊल टाकायचं न्हाई. आन् आत असताना किल्ली कुणाला द्यायची न्हाई."

"तुमी मागितली तर, मामा?"

"मी तर मागीनच, पोरी. मला तर आजाबात देऊ नगंस."

पारूबाईने मला कडीत अडकवले आणि ओढून बघितले. हरिबा पट्ट्याकडे परत गेला. त्याचा हात सारखा कमरेकडे जात होता.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी यंत्रावर काम कराल, कुणी हुकूम द्याल. खटक्यावर माझ्यासारखे कुलूप दिसले, तर त्याच्यावर चिडू नका. आपला हुद्दा केवढा ते त्याला सांगू नका. आत कोण आहे ते विचारा आणि ते माणूस बाहेर येईपर्यंत थांबा.

पारूबाईला अजून मला वर उचलून धरायचे कळत नाही. ती किल्लीशी झटापट करते आणि मला शिव्या देते. तिचा हात रंगूबाईचा नाही. मला रोज रंगूबाईची आठवण येते. पण संध्याकाळी फाटकाबाहेर पारूबाईचा नवरा सायकल धरून उभा असतो, आणि ती पिवळ्या हातांनी पदर सावरत, धडधाकट, त्याच्याकडे चालत जाते.