बारा जणींचा पहिला आठवडा

सातपूरच्या त्या कारखान्यात शेतीपंपांचे स्टार्टर बनतात. तिथल्या जुळणी विभागाची सुपरवायझर उज्वला आहेर गेली एकोणीस वर्षं सकाळी सातच्या ठोक्याला हजर असते. दिवाळीनंतर भरती केलेल्या चौदा मुलींपैकी नऊ जणी पंधरवड्यात निघून गेल्या, तेव्हा मॅनेजर विहंग सर म्हणाले की आजकालच्या पोरींना टिकून काम करायला नको असतं. उज्वलाला ते पटेना. त्या नऊ जणींतल्या मीनाचा हात इतका चलाख होता की तिला पाहून उज्वलाला स्वतःचे सुरुवातीचे दिवस आठवायचे.

शेवटी एका रविवारी तिने मीनाला फोन लावला. मीना पेठकडची. आधी ती संकोचली, मग हळूहळू बोलायला लागली. पहिला अख्खा दिवस त्यांना एका थंडगार खोलीत बसवून पडद्यावर इंग्रजीतून काहीबाही दाखवलं, दुसऱ्या दिवशी थेट जुळणीच्या सरकत्या बेल्टपाशी उभं केलं. कॅन्टीनचं कूपन कुठे मिळतं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून ती दोन दिवस उपाशी राहिली. तिसऱ्या दिवशी एक स्क्रू तिरका बसला, तर कुणीतरी सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसलं.

"मी काय बनवत होते तेच मला शेवटपर्यंत कळलं नाय, ताई," मीना म्हणाली.

खेकसणाऱ्याचं नाव तिने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. ती उज्वलाच होती.

दुसऱ्या दिवशी उज्वला सरांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली की नव्या बारा जणी येतील त्यांचा पहिला आठवडा माझ्या हाती द्या. सरांपुढे उन्हाळ्याची मोठी ऑर्डर होती. आठवडा दिला तर काम मागे पडेल अशी त्यांना धास्ती. बराच वेळ पेन टेबलावर आपटून ते हो म्हणाले, पण पुढच्या सोमवारी बेल्ट पूर्ण वेगाने पळाला पाहिजे, ही अट घातली.

मुली यायच्या त्या दिवशी उज्वला चहाही न घेता घरातून निघाली. सव्वासहालाच ती कारखान्यात पोचली. बारा टेबलं मांडून घेतली, प्रत्येकावर एका स्टार्टरचे सगळे सुटे भाग ठेवले. प्रत्येक मुलीला जुन्यांपैकी एक जोडीदारीण नेमून दिली आणि त्या जुन्या बायकांना बजावलं की आठवडाभर जेवायचं ते आपल्या नव्या जोडीदारणीच्याच शेजारी बसून. मुली आल्या, बुजलेल्या, ओढण्या घट्ट आवळलेल्या. उज्वलाने आधी त्यांना कारखाना फिरवून दाखवला. कॅन्टीन, बाथरूम, पाण्याची जागा, औषधांची पेटी. मग टेबलांपाशी आणलं.

तिने तयार स्टार्टर वर धरला आणि हे काय आहे ते विचारलं. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मग मागून सुरगाण्याच्या ललिताने मान वर केली. ती तीन वर्षं दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जात होती.

"ही तर बागेतली पेटी हाय. हिरवं दाबलं का पाणी येतं, लाल दाबलं का बंद."

"ती पेटी इथे आपण बनवतो," उज्वला म्हणाली. "आज प्रत्येकीने एक अख्खी बनवायची. पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या तारेपर्यंत."

दुपारी दोनपर्यंत बारा पेट्या उभ्या राहिल्या. तपासणी विभागातला सुनील एकेक पेटी मोटरला जोडायचा आणि ती बनवणारीलाच हिरवं बटण दाबायला लावायचा. मोटर घुमायला लागली की मुलगी दचकून मागे सरायची, मग हसायची. संध्याची मोटर काही सुरू होईना. तिचा चेहरा पडला. उज्वलाने पेटी उघडली, सैल राहिलेली तार दाखवली आणि ती तिलाच आवळायला सांगितली. दुसऱ्यांदा बटण दाबताच मोटर घरघरली, तेव्हा जुन्या बायकांनीही काम सोडून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी उज्वलाने त्यांना बेल्टवर लोंबणारी लाल दोरी दाखवली. ओढली की अख्खा बेल्ट थांबतो. एकोणीस वर्षांत ती सुपरवायझरशिवाय कुणी ओढल्याचं तिने पाहिलं नव्हतं. तिने बाराही जणींना एकेकदा ती ओढायला लावली, भीती मोडावी म्हणून.

बुधवारी ललिताने ती खरोखरच ओढली. पेटीला चौथा स्क्रूच नाही असं तिचं म्हणणं. बेल्ट थांबला, माणसं माना वळवून बघू लागली, विहंग सर केबिनबाहेर आले. उज्वलाने पाहिलं, तर ते तीन स्क्रूंचंच मॉडेल होतं. जुनी सवय जिभेच्या टोकावर आली होती. तिने ती गिळली.

"थांबवलंस ते बरं केलंस," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "हे मॉडेल वेगळं आहे. मीच सांगायचं विसरले."

शुक्रवारी अकराच्या सुमाराला बेल्ट पुन्हा थांबला. पुन्हा ललिताच. बटणाचा आवाज बसका येतोय, म्हणाली. बटणाचा नीट आवाज बागेत दिवसातून दहा वेळा ऐकला होता तिने. सुनीलने मीटर लावून पाहिलं, सगळं ठीक होतं. सर म्हणाले, चालू करा. उज्वलाने दोन मिनिटं मागून घेतली आणि तीच पेटी मोटरला जोडून हिरवं-लाल, हिरवं-लाल दाबत राहिली. तिसाव्या वेळेला हिरवं बटण आत गेलं ते बाहेर आलंच नाही. लाल दाबलं की मोटर थांबायची, पण बोट उचललं की पुन्हा घुमायला लागायची.

सकाळी उघडलेल्या खोक्यातल्या बटणाच्या स्प्रिंगा मऊ निघाल्या होत्या. त्याच स्प्रिंगांच्या तीनशे पेट्या बाहेर ट्रकमध्ये चढवून झाल्या होत्या. उज्वला गेटकडे पळत सुटली आणि तिच्या मागे ललिता, तिच्या मागे टाय सावरत विहंग सर. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं होतं. ललिताने गाडीपुढे जाऊन दोन्ही हात पसरले, आणि ट्रक थांबला. सर धापा टाकत तिच्यापाशी आले. मग त्यांनी तिचं पूर्ण नाव विचारलं.

"ललिता मंगळू गावित," ती म्हणाली.

सोमवारी बेल्ट पूर्ण वेगाने पळाला. पंधरा दिवसांनी हजेरीत बाराच्या बारा होत्या. पुढच्या महिन्यात अठरा जणी येणार, त्यांचंही तुम्हीच बघा, असं सरांनी उज्वलाला सांगितलं, तेव्हा तिने सोबत ललिताला मागितलं.

ललिताने आधी नकार दिला. मला चार माणसांत बोलता नाय येत, म्हणाली. पण जेवणाच्या सुट्टीनंतर ती स्वतःच उज्वलापाशी आली.

"ताई, त्यांना चांगला आवाज ऐकवायचा तसा बसकापण ऐकवू या का? नायतर कळंल कसा?"

एकोणीस वर्षांत हे उज्वलाला सुचलं नव्हतं. तिने नाकारलेल्या मालाच्या डब्यातून मूठभर मऊ स्प्रिंगा काढल्या, आणि दोघी जणी टेबलाशी बसून मुद्दाम एक बिघडलेली पेटी जोडू लागल्या.