हुसेनसाबांच्या टपरीपुढचे बाकडे

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाचे एक जुने बाकडे आहे. सोलापूरच्या भवानी पेठेत, हुसेनसाबांच्या पानविडीच्या टपरीपुढे माझी उमेदीची वर्षे गेली. गिरणी चालू होती तेव्हा कामगार पाळी सुटल्यावर घटकाभर टेकत, एखादी विडी ओढत आणि घरी जात. "लई मजबूत बाकडं हाय," म्हणून मला थोपटत.

१९७३ साली गिरणीची एक पाळी बंद झाली. मग सकाळपासूनच माझ्यावर सात-आठ जण दाटीने बसू लागले. घरे एका खोलीची, त्यात बायका विड्या वळत बसलेल्या. पुरुषांनी जायचे कुठे? त्यातल्याच, साच्यावर म्हणजे मागावर काम करणाऱ्या सिद्धारामने तोवर विडीला हात लावला नव्हता.

"ओढ की, सगळेच ओढत्यात," शेजारी म्हणाला. "डोस्कं हलकं हुतंय."

दिवाळीपर्यंत तो दिवसाला दोन कट्टे, म्हणजे दोन बंडले विड्या ओढू लागला. तो खोकला की मीही हलत असे.

एका दुपारी त्याने जळती विडी माझ्याखाली टाकली. तिथे सुताच्या चिंध्या होत्या. भडका उडाला, माझा एक पाय पेटला. वाऱ्याने ज्वाळा समोरच्या दाराच्या तरटाला भिडली. ते दार सिद्धारामचेच. आत झोळीत त्याची तान्ही लेक! मला ओरडताही येईना. तो धावला, पण चार पावलांतच धाप लागून छाती धरून खाली बसला. हुसेनसाबांनी जळते तरट ओढून पाडले. एवढ्यात सिद्धारामची बायको दानम्मा नळावरून आली. तीन तास रांगेत उभे राहून भरलेली घागर तिने आगीवर ओतली. पोर वाचली.

"हे बाकडंच फोडून टाकतो," हुसेनसाब म्हणाले.

"नगा फोडू, चाचा," दानम्मा म्हणाली. "ही मान्सं दुसरीकडं बसून ओढतील. नळावर न्या त्याला. बसायचंच हाय तर पाण्याचा नंबर तरी धरतील!"

एक टोक तिने उचलले, दुसरे सिद्धारामने. नळावर माझ्या जळक्या पायाखाली दगड लागला. पुरुष तिथे नंबर धरू लागले. काहींची विडी तरीही सुटली नाही. सिद्धाराम मात्र विडीची तलफ आली की घागर उचलून रांगेत पुढे सरके. शेजाऱ्याने पुन्हा विडी पुढे केली. सिद्धारामने विडीकडे पाहिले आणि घागर नळाखाली सारली.

"हात मोकळा न्हाय गड्या," तो म्हणाला.

मित्रांनो, विडी ओढणाऱ्याला नुसती नावे ठेवू नका. त्याच्या हाताला दुसरे काही आहे का, तेही पाहा.