तुटला की तोडला

‘परीक्षार्थिनी रुद्राणी हिने परीक्षा चालू असताना स्वतःहून संपर्क तोडला, हे संगणकाच्याच नोंदीवरून निर्विवाद सिद्ध होते.’

लातूरच्या एका क्लासच्या चौकशी अहवालाचा मसुदा मुबश्शिराने दुसऱ्यांदा वाचला. चार वाजता किल्लारीहून मुलीचे आईवडील येणार होते, आणि या एका वाक्याच्या बळावर तिचे नाव कमी होणार होते.

वाद घालणाऱ्याला दाराबाहेर उभे केले की कोणतेही विधान निर्विवाद होते. तार कोणी ओढली हे संगणकाला कळत नाही. त्याला जाळ्याशी जोडणाऱ्या प्रोग्रामला, नेटवर्क ड्रायव्हरला, कळते ते एवढेच, की संकेत थांबला. तो एक क्रमांक नोंदवतो. त्या क्रमांकापुढे कोणते वाक्य छापायचे, हे माणूस लिहून ठेवतो. शिवाय तोच क्रमांक त्याच सेकंदाला आणखी सहा यंत्रांवर उमटला होता. सात मुलांनी एकाच सेकंदाला तारा उपटल्या असतील, तर त्यांना कवायतीचे पारितोषिक द्यायला हवे. तक्रार मात्र एकट्या रुद्राणीने केली होती. म्हणून दोषीही तीच.

क्लासने परीक्षेपुरती स्वतःची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, करून घेतली होती. मुबश्शिराने तपासून मान्य केल्याखेरीज तिच्यात एक अक्षर बदलत नसे. आता मंजुरीसाठी समोर आलेल्या बदलाचे शीर्षक होते ‘संदेशांतील शुद्धलेखन’. जुनी ओळ: ‘संपर्क तुटला’. नवी ओळ: ‘संपर्क तोडला’. परीक्षा शनिवारची, बदल सोमवारचा. तो मान्य झाला की अहवालाला जोडायची नोंद नव्या शब्दात छापून निघणार होती.

संचालक किशनराव दारातून डोकावले. “पावणेचार झाले, मॅडम. एक बटन दाबायला मुहूर्त बघायलात का काय?”

ते गेले. ड्रायव्हर लिहिणारा सुदर्शन शेजारच्याच खुर्चीत होता. “आपा, शब्दच तर बदललाय. कोडला हात लावला न्हाई.”

“‘तुटला’त अशुद्ध काय आहे?”

“बोलीत दोन्ही चालतंय की.”

“तुमच्या निलंग्याच्या बोलीत हात तुटला आणि हात तोडला सारखंच का?”

सुदर्शन हसला. एकटाच.

मुबश्शिराचे अब्बा, उदगीरचे जहांगीर गवंडी, भूकंपानंतर किल्लारीकडे पंचनामेवाल्यांना भिंती दाखवत फिरले होते. ते म्हणत, ‘पडली’ आणि ‘पाडली’ यांत अंतर एका कान्याचंच. पण त्या कान्याच्या आड माणूस उभा असतो.

“सातही यंत्रांवर तुझा ड्रायव्हर अडकला होता, हे तुला कधी कळलं?”

सुदर्शनने दाराकडे पाहिले. “शनिवारीच.”

“मग हा शब्द का बदललास?”

त्याने खुर्ची दाराकडून तिच्याकडे वळवली. मग खाली बघत बोलला. तो बोलत असतानाच मुबश्शिराने ‘नामंजूर’ निवडले, आणि कारणाच्या रकान्यात त्याचे उत्तर कानामात्रेसह जसेच्या तसे उतरवले. एक प्रत चौकशी समितीला गेली. दुसरी, चार वाजता येणाऱ्या आईवडिलांसाठी, छापून निघाली:

“‘तुटला’ राहिलं असतं तर कशानं तुटला म्हणत समदे माझ्या ड्रायव्हरपाशी आले असते, आपा. ‘तोडला’ म्हटलं की पोरीपाशीच थांबतेत.”