सिद्धलिंगअण्णांचा होकार

सिद्धलिंगअण्णांना काहीही विचारा, उत्तर येतं. फक्त कधी येतं ते विचारू नका. "अवो, चहा टाकू का?" असं त्यांच्या बायकोनं, शिवकांताबाईंनी विचारावं, अण्णांनी समोरच्या भिंतीकडं टक लावून बसावं, आणि बाईंचं दुसरं काम निम्मं उरकलं की मग खोल आडातून पोहरा वर यावा तसा एक शब्द वर यावा, "हाव." वरातीमागून घोडं! पाहुणे तोवर चपला घालून निघालेले असतात. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. अरे, डोकं कुठं गेलंय! डोकं जागेवर आहे, हीच तर खरी रड आहे.

नांदेडच्या वजिराबाद बाजारात या माणसानं उभी हयात साडीच्या दुकानात काढली. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत ह्यांचा जरीचा पदर गादीवर पसरलेला असायचा. देगलूरकडची बाई आली की तेलुगूत गोड बोलणं, उदगीरकडची आली की कानडीत. अशा बोलघेवड्याच्या वाट्याला हे यावं! आधी अण्णा पडायला लागले. पडायचे तेही पाठीमागं, ताठच्या ताठ. मग मान आखडली. मग डोळे खाली वळायचे बंद झाले. ताटात काय वाढलंय ते दिसेना, पायाखालची पायरी दिसेना. लिंगायताच्या घरात सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, त्याच्याकडं बघत पूजा करायची असते. तर तो तळहातच दिसेना. शेजारीण म्हणते कशी, "अण्णांचं देवावरचं मन उडालं वाटतं." घ्या! शिवकांताबाई तेव्हापासून त्यांचा हात खालून धरून डोळ्यांसमोर उचलतात आणि पूजा संपेस्तोवर तसाच धरून बसतात. त्यांचे दंड भरून येतात, पण एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत.

लातूरच्या डॉक्टरनं आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि वर म्हणाला, "बहुतेक हाच." बहुतेक म्हणजे काय? तर म्हणे, पक्कं सांगायचं तर मेंदूच तपासायला पाहिजे, आणि जिवंत माणसाचा तसा तपासता येत नाही.

त्या 'बहुतेक'मध्येच अण्णांचा जीव अडकला होता. त्यांचे थोरले भाऊ शरणप्पा असेच पडत-धडपडत, असेच अडखळत बोलत गेले. ज्यानं जन्मात दारूचा वासही घेतला नाही, त्याला सगळ्या गावानं बेवडा ठरवलं. मयतीला आलेली माणसंसुद्धा तेच कुजबुजत होती. आपण गेल्यावर आपला मेंदू बघून कुणी छातीठोक सांगितलं की हा आजार होता, तर भावालाही हाच होता हे लोकांना पटेल आणि त्याच्या नावावरचा डाग पुसला जाईल. एवढं एकच अण्णांना पाहिजे होतं, पण एवढं लांब सांगणार कसं?

आणि त्याच कामासाठी शरणप्पांची मुलगी वर्षाराणी आज हैदराबादहून सकाळच्या गाडीनं आली होती. पोरगी तिकडं प्रयोगशाळेत मेंदूतल्या प्रथिनांवर काम करते. बाप खाटेवर होता तेव्हा ती परगावी शिकत होती. त्यामुळं हा आजार तिनं पाहिला तो सगळा सूक्ष्मदर्शकातून. असल्या माणसाजवळ महिनाभर बसायची वेळ तिच्यावर कधी आली नाही.

"काका, तुमच्या दुकानातलंच सांगते," ती अण्णांच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसली. "मेंदूत टाऊ नावाचं एक प्रथिन असतं. त्याला कधी तरी चुकीची घडी पडते. मग शेजारचं प्रथिन त्याला चिकटतं आणि तीच घडी घेतं. त्याला तिसरं. थप्पी चढत जाते आणि तिचा लांब दोरा होतो. असे दोरे गोठवून त्यांची हजारो चित्रं काढली की आतली घडी दिसते. अल्झायमरची घडी निराळी, तुमच्या आजाराची निराळी. घडी बघितली की आजार कुठला ते कळतं."

"मग ती घडी उलगडत न्हाई का?" अण्णांचा मुलगा वीरेश म्हणाला.

"न्हाई रे. लई घट्ट बसलेली असते. औषधही अजून न्हाई. खोटं कशाला सांगू?"

अण्णा ऐकत होते. शब्दन् शब्द कळत होता. असं आहे तर! गठ्ठा बांधला आणि आपण आत राहिलो. पोरीला म्हणावंसं वाटलं, शाबास गं, तुझ्या बापानं हे ऐकायला पाहिजे होतं. पण चेहरा पाटीसारखा कोराच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

"म्हणून म्हणते, काकांच्या माघारी मेंदू तपासायला देऊ या," वर्षाराणी म्हणाली.

शिवकांताबाई ताडकन उठल्या. "काय बोलून राहिली गं तू? आपल्यात माणसाला बसवून माती देतात, ठाऊक हाय ना? स्वामी त्याच्या डोक्यावर पाय ठेवतात, मग तो शिवाला मिळतो. फोडलेल्या डोक्यावर पाय ठेवायला लावू का स्वामींना?"

"काकू, डोक्याच्या मागच्या बाजूनं काढून घेतात, शिवून देतात. पागोट्याखाली दिसत पण न्हाई. आणि स्वामींना मी फोन केला होता. ते म्हणाले, ज्याचं डोकं त्याला विचारा."

बाई मटकन बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

वीरेश मोठा गुणी पोरगा, पण शांतता त्याला सोसत नाही. कुणी गप्प बसलं की त्याला वाटतं आपलंच काही चुकलं. तो बापासमोर उकिडवा बसला, मग त्यांना आपण दिसत नाही हे ध्यानात येऊन उभा राहिला. "अण्णा, मेंदू द्यायचा का?"

हाव! अण्णांच्या आत शब्द तयारच होता. हाव रे बाबा, द्या. माझ्या भावाला बेवडा म्हणाले भडवे, त्यांच्या तोंडावर मारा तो तपासणीचा कागद. शब्द निघाला. छातीतून गळ्याशी आला. जीभ जड, ओठ जड. अण्णांनी सगळा जीव गोळा करून त्याला वर रेटलं. आईचे हुंदके तेवढे ऐकू येत होते, आणि वीरेशला ते ऐकवेनात.

"की राहू द्यायचं, अण्णा? नको करायचं का असलं काही?"

"हाव," अण्णा म्हणाले.

झालं! वीरेशनं सुटकेचा निःश्वास टाकला. "बघ ताई, न्हाई म्हणाले."

वर्षाराणीचा चेहरा पडला. तरी पोर समजूतदार, तिनं हुज्जत घातली नाही. "त्यांची मर्जी," म्हणाली आणि संमतीचा कागद पिशवीत सारला. अण्णांच्या आत आरडाओरडा चालला होता. अगं थांब, ते आधीच्या सवालाचं होतं! ती पाया पडायला वाकली. अण्णांना पोरीचं डोकंही दिसलं नाही, पावलांना तिचे हात तेवढे लागले. मग फटफटी सुरू झाली आणि वीरेश तिला घेऊन स्टेशनाकडं गेला.

घरात दोघंच उरली. शिवकांताबाई त्यांच्या नजरेच्या रेषेत भिंतीला टेकून उभ्या होत्या. रडणं थांबलं होतं. अण्णा त्यांच्याकडं बघत होते, आणि बाई नजर देत नव्हत्या. या घरात अण्णांचं उत्तर किती मागून येतं, ते एकाच माणसाला पुरतं ठाऊक होतं. एक गोष्ट विचारायची आणि उत्तर येईस्तोवर दुसरी विचारायची नाही, हे त्याच माणसानं शोधून काढलं होतं. मघाशी ते माणूस तोंडाला पदर लावून गप्प बसलं होतं.

"दे..." अण्णांच्या तोंडून आलं. लाळ गळाली. "देयाचं."

बाई जवळ आल्या आणि पदरानं त्यांची हनुवटी पुसली.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "मघाचं हाव पहिल्या सवालाचं होतं, ते बी तवाच कळलं. तुमच्या भावावर आळ आला, लई वंगाळ झालं. मला का कळत न्हाई? पन तुमच्या डोक्याला कुनी करवत लावावी, हे माझ्यानं सोसवत न्हाई. राग करा माझा. काय करायचं ते करा."

अण्णांना राग आला. भयंकर आला. तोंडावर यायला निघाला तोवर बाईंनी त्यांचं ते ताठ डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, आणि आता त्यांना लुगड्याच्या निळ्या रंगाशिवाय काही दिसत नव्हतं.

"सांगू नका आता कुनाला," बाई हळूच म्हणाल्या. "कुनी विचारनार न्हाई तुम्हाला."

आणि खरोखरच पुन्हा कुणी विचारलं नाही.